मंत्रिमहोदय, चिकाचेही मोजमाप होऊ द्या

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



राज्यातल्या कुठल्याही गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाच्या सुमारास जाऊन उभे राहिले, की मोजमाप म्हणजे काय ते कळते. किटली काट्यावर चढते, वाटीतला नमुना यंत्राला लावला जातो, फॅट आणि एस.एन.एफ.चे (फॅटखेरीजच्या घन घटकांचे) आकडे उमटतात, पावती हातात पडते. ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. हा गाईच्या दुधाच्या दराचा पाया शाळकरी पोरालाही पाठ असतो. एस.एन.एफ. दोन पॉइंटने घसरला, तर खिडकीपाशी आवाज चढतात. ते चढायलाच हवेत, त्या दोन पॉइंटवर घर चालते. पण त्याच गावात आदल्या रात्री एखादी गाय व्याली असेल, तर तिच्या पहिल्या धारेच्या चिकाचे काय झाले हे तिथे कोणी विचारत नाही. मी पशुधन विकास अधिकारी म्हणून सांगली-सोलापूरकडे नोकरी केली. त्या नोकरीत जे मासिक अहवाल भरले, त्यांतही हा प्रश्न कधी भेटला नाही.

कायद्यापुरते बोलायचे, तर चीक ही दुधात नसलेली बरी अशी वस्तू आहे. अन्नसुरक्षेच्या मानकांतल्या दुधाच्या व्याख्येतच दूध चीकविरहित असावे असे म्हटले आहे. ते बरोबरही आहे. चीक मिसळलेले दूध तापवले की फाटते, एका किटलीपायी टँकर नासू शकतो. म्हणून नुकत्याच व्यालेल्या जनावराचे दूध संघ काही दिवस घेत नाहीत. परिणाम असा, की ज्या पदार्थावर वासराचे जगणे-मरणे ठरते तो दुधाच्या हिशेबात बसत नाही, औषधाच्या नाही आणि लसीच्याही नाही. त्याला वाली कोणी नाही. तो वाली आपल्या खात्याने व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आपण स्वतः गोठ्यात वावरलेले असाल तर पुढचे काही परिच्छेद आपल्याला माहीत असतील. पण हे पत्र खुले आहे आणि ते मंत्रालयाबाहेरही वाचले जावे अशी इच्छा आहे, म्हणून मुळापासून सांगतो.

माणसाचे मूल जन्मते, तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडे त्याच्या रक्तात आधीच उतरलेली असतात. वारेतून ती पलीकडे जातात. गाई-म्हशींच्या वारेची बांधणी वेगळी. आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे थर जास्त, आणि प्रतिपिंडांसारखे मोठे प्रथिन त्यातून पार होत नाही. त्यामुळे वासरू काय, रेडकू काय, करडू-कोकरू काय, जन्मते तेव्हा त्याचे रक्त प्रतिपिंडांच्या बाबतीत जवळजवळ कोरे असते. आईने जन्मभर जे रोग सोसले, ज्या लसी टोचून घेतल्या, त्यांतले काही त्याच्याकडे आलेले नसते.

ही उणीव कासेतून भरून निघते. व्यायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडे कासेत साठवू लागते, इतकी की त्या काळात तिच्या स्वतःच्या रक्तातले प्रमाण उतरते. गाय दोन महिने आटवायची असते, त्यामागचे हेही एक कारण आहे. शेवटपर्यंत पिळत राहिलेल्या गाईला ही साठवण करायला उसंतच मिळत नाही. आणि वासराच्या आतड्यात याला साजेशी सोय असते. एरवी आतडे प्रथिने तोडून, पचवून घेते. जन्मानंतरचे काही तास मात्र ते प्रतिपिंडे न तोडता, जशीच्या तशी रक्तात जाऊ देते. ही मुभा थोडक्या वेळाची आहे. पहिल्या तासा-दोन तासांत ती पुरेपूर असते, सहा तासांनंतर झपाट्याने घटते, बारा तासांपर्यंत बरीचशी ओसरते आणि चोवीस तासांच्या आसपास संपते. नंतर पाजलेला चीक वाया जात नाही. तो पोट भरतो, आतड्यातल्या जंतूंशी तिथल्या तिथे थोडी झुंजही देतो. पण रक्तात प्रतिपिंड जायचे ते आता जात नाही. वासराचे स्वतःचे प्रतिपिंड तयार व्हायला आठवडे लागतात. तोवर ते आईच्या उसनवारीवर जगते, आणि ती उसनवारी पहिल्या दिवशीच व्हावी लागते.

हे ज्ञान नवे नाही. आईकडून पिल्लाला दुधावाटे संरक्षण मिळते हे पॉल एर्लिख यांनी उंदरांवर प्रयोग करून १८९२मध्येच दाखवले होते. गाईपुरता लख्ख पुरावा अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ साली मांडला. त्यांनी वासरांचे दोन गट केले, एकाला चीक पाजला, दुसऱ्याला चिकाऐवजी दूध दिले. चीक प्यालेली वासरे जगली, न प्यालेल्यांतली बहुतेक थोड्याच दिवसांत गेली. हे तेच स्मिथ, ज्यांनी गुरांचा ताप गोचिडीमार्फत पसरतो हे १८९०च्या दशकात सिद्ध केले. गोचीडतापाची त्यांची शिकवण आपल्याकडे खेडोपाडी पोचली. आज कोणीही पशुपालक जनावराला ताप आला म्हटले की आधी कान उलटून गोचीड बघतो. चिकाची शिकवण मात्र शंभर वर्षे उलटून गेली तरी उंबऱ्यापाशी अडली आहे.

ती अडते कुठे, ते सांगतो. गाय रात्री व्यायली असे समजा. घरातली माणसे उठतात, वासरू पुसतात, कोणी गाईला गूळ आणि बाजरीचा घाटा देते. इथवर सगळे छान. मग वासराला खुंटीला बांधतात आणि वार पडायची वाट बघत बसतात. वार पडल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही, ही समजूत मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिली आहे. गाय वार खाईल या धास्तीने एक माणूस बॅटरी घेऊन रात्रभर जागतो. म्हणजे जागरण होते, राखण होते, पण ती वारेची. हाताच्या अंतरावर वासरू दाव्याला तोंड लावून चोखत पडलेले असते. वार पडायला आठ-दहा तास लागणे यात काही वावगे नाही. कधी बारा लागतात. पहाटे वार पडते, मग धार काढली जाते आणि वासराला सोडले जाते. वरवर कुठे काही चुकले नाही.

प्रत्यक्षात दोन्हीकडून तोटा झाला. वासराच्या आतड्याची मुभा उतरणीला लागली, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की कासेत तुंबलेला चीकही पातळ होत जातो, कारण व्याल्यापासून कासेत दूध उतरू लागते. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात व्याल्यानंतर दोन तासांनी काढलेल्या चिकाच्या तुलनेत सहा तासांनी काढलेल्या चिकातले प्रतिपिंड १७ टक्क्यांनी आणि चौदा तासांनी काढलेल्यातले ३३ टक्क्यांनी कमी भरले होते. देणारा कमी देतो आणि घेणारा कमी घेतो, असा हा दुहेरी फटका. वर गंमत म्हणजे वासरू कासेला लागले, सड चोखले गेले, की गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटते. त्याने गर्भाशय आकसते आणि वार पडायला मदतच होते. ज्या गोष्टीसाठी थांबायचे, ती थांबल्याने लांबते. पशुवैद्यकाच्या नोकरीतली सगळ्यांत त्रासदायक समजूत कोणती असे मला कोणी विचारले, तर मी हीच सांगेन. अंगारे-धुपारे परवडले, त्यांत निदान वेळ जात नाही.

दुसरी अडचण प्रमाणाची. ‘पाजला की चीक!’ असे उत्तर येते तेव्हा ‘किती?’ हा पुढचा प्रश्न टाळू नये. बहुधा दोन घोट, फार तर लिटरभर. जास्त चीक बाधतो, हगवण लागते, हीदेखील घट्ट रुजलेली भीती. हिशेब करून बघू. चांगल्या चिकात लिटरमागे निदान ५० ग्रॅम प्रतिपिंड असते. त्यातले साधारण तीसेक टक्के रक्तात पोचते. संकरित वासरू ३० किलोचे धरले, तर एक लिटर चिकातून त्याच्या रक्तात जेमतेम पंधरा ग्रॅम जाईल, आणि ते त्याच्या दोन-पावणेतीन लिटर रक्तद्रवात पसरेल. लिटरला १० ग्रॅमच्या खाली प्रमाण राहिले, तर संरक्षण पोचलेच नाही असे आमचे शास्त्र मानते. एक लिटर पाजून आपण त्या रेषेच्या खालीच राहतो. म्हणूनच वजनाच्या दहा टक्के, म्हणजे अशा वासराला तीन लिटर चीक पहिल्या काही तासांत, आणि बारा तासांच्या आत पुन्हा दोनेक लिटर, असे सांगितले जाते. एकदम पिईना तर थोड्या थोड्या वेळाने पाजावा. हगवण लागते ती मळक्या बादलीने, मळक्या सडांनी, ओल्या-घाणीच्या जमिनीने. जंतू चिकाच्या आधी पोटात शिरले, तर प्रतिपिंडांचे शोषणही मार खाते.

‘वासरू गाईखाली सोडले की ते त्याचे बघून घेते’ असे म्हणणारेही आहेत. खिल्लार गाईचे वासरू बहुधा बघून घेते. अर्ध्या तासात उभे राहते, ढुशा देते, कास आटोपशीर असते, सड सापडतो. होल्स्टिन संकराच्या गाईची कास गुडघ्यापर्यंत लोंबते. वासरू वर, पोटाखाली तोंड खुपसत राहते आणि सड असतो खाली. अशा गोठ्यात धार काढून बाटलीने पाजण्याला पर्याय नाही. म्हशीचे रेडकू तर आणखी संथ. त्याच्याबाबत एक जास्तीची काळजी म्हणजे आईच्या दुधातूनच येणारे मोठे गोल जंत. त्यासाठी दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास जंताचे औषध लागते. म्हणून रेडकाला चीक-दूध तोडावे असे मात्र कोणी समजू नये.

आता खरवसाकडे वळतो, कारण चिकाचा विषय काढला आणि खरवस टाळला तर पत्र अप्रामाणिक ठरेल. मलाही खरवस आवडतो. गुळाचा, वेलदोडा-जायफळ घातलेला, कुकरला शिटी न लावता वाफवलेला. आणि सांगायचे तर चिकाची प्रत ओळखण्यात आमच्या प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी घराघरातल्या बायका तरबेज होत्या. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर दूध सढळ हाताने घालायचे, नाहीतर खरवस चिवट होतो. दुसऱ्या दिवसाच्या चिकाला बेताने, तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध जवळजवळ नकोच, नाहीतर वडी धरत नाही. हे प्रमाण हवेतून आलेले नाही. पहिल्या धारेच्या चिकात प्रथिने १४ टक्क्यांच्या आसपास असतात, दुसऱ्या धारेला आठच्या घरात येतात, तिसऱ्या धारेला पाचच्या, आणि साध्या दुधात सव्वातीनाच्या. उष्णतेने जे गोठते आणि वडी धरते, त्यात मोठा वाटा याच प्रतिपिंडांचा. म्हणजे ज्या चिकाची वडी सगळ्यांत घट्ट होते, तोच वासराला सगळ्यांत जास्त हवा असतो. शहरात अशा पहिल्या धारेच्या चिकाला दुधापेक्षा चढा भाव मिळतो, हे आपणही जाणता.

खरवसावर बंदी घाला असे मी म्हणणार नाही. तसा विचारही हास्यास्पद होईल. चांगली संकरित गाय पहिल्या धारेला वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. वासराचे तीन लिटर आधी बाजूला काढा, उरलेला विका, वाटा, वाफवा. दुसऱ्या-तिसऱ्या धारेच्या चिकाचाही खरवस होतो, फक्त दूध कमी घालावे लागते. क्रम उलटा होतो तिथेच घात होतो. शेजारणीला गडू, पाव्हण्यांना कॅन, मालकाच्या शहरातल्या भावाला बाटली, आणि राहिलेले वासराला. आणि एक लक्षात असू द्यावे की वासरासाठीचा चीक कधीही उकळायचा नसतो. उकळला की त्याचा खरवसच होतो, प्रतिपिंड उरत नाही. गार झाला असेल तर बाटली कोमट पाण्यात धरावी.

आता मूळ मागणीकडे येतो.

तासगाव भागात एकाच माणसाकडे द्राक्षबाग आणि गोठा दोन्ही असणे नवलाचे नाही. अशाच एका बागायतदाराकडे गेलो असता त्याच्या खिशातला ब्रिक्समीटर मी गोठ्यात मागून घेतला. मण्यात साखर किती उतरली ते पाहायचे हे वीतभर लांबीचे नळकांडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यातही सर्वांना ठाऊक आहे. निळसर काचेवर त्याच्या गाईच्या चिकाचे दोन थेंब टाकले, झापड मिटली आणि उजेडाकडे धरून डोळ्याला लावले. वर निळा, खाली पांढरा. द्राक्षाच्या रसाची सीमारेषा सुरीने कापल्यासारखी असते, चिकाची जरा धूसर येते, पण वाचता येते. चोवीस. शेजारच्या दावणीला पहिलारू गाय त्याच पहाटे व्याली होती. तिचा चीक सोळावर थांबला. डोळ्यांना दोन्ही चीक सारखेच पिवळे, सारखेच दाट वाटत होते. २२ ब्रिक्स ही गाईच्या चिकाची मान्य रेषा आहे. तिच्या वर म्हणजे लिटरला ५० ग्रॅमच्या पुढे प्रतिपिंड. तो बागायतदार नळकांडे पुन्हा पुन्हा डोळ्याला लावत म्हणाला, “माल काढायच्या आधी घड न् घड बघतो आम्ही. हे कधी बघितलंच नाही.” पहिलारूच्या वासराला मग मोठ्या गाईचा चीक पाजला आणि तिचा स्वतःचा चीक दुसऱ्या पाजणीला ठेवला. या उपकरणाची किंमत हजार-दोन हजार रुपये. ना वीज लागते, ना रसायन, ना पदवी.

मंत्रिमहोदय, प्रत्येक दूध संकलन केंद्रावर असा एक ब्रिक्समीटर असावा, आणि व्यालेल्या गाईचा घोटभर चीक घेऊन येणाऱ्याला तो फुकट बघून मिळावा. केंद्रचालकाला शिकवायला दहा मिनिटे पुरतील, तो फॅट रोजच काढतो. मध्यरात्री गाय व्याली तर केंद्र बंद असणार हे मलाही कळते. अशा वेळी मोजत बसायचे नाही, आधी पाजायचे. सकाळचा आकडा दुसऱ्या पाजणीसाठी आणि पुढच्या वेताच्या शहाणपणासाठी. ज्या गाईचा चीक सोळा आला तिला पुढच्या खेपेला वेळेत आटवले जाईल, भाकड काळात आंबोण नीट मिळेल. आकडा समोर आला की शेतकरी बदलतो, हे फॅट-एस.एन.एफ.ने दाखवून दिले आहेच.

दुसरे काम तर बिनपैशाचे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा क्रमांक आहे. गाय व्याली, वार पडली नाही, म्हणून त्यावर फोन येतात. फोन उचलणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘वासराला चीक पाजला का?’ हा असावा, वारेचा प्रश्न त्यानंतर. तसेच जनावराच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर रेतनापासून व्याण्यापर्यंतच्या नोंदी आता संगणकात जातात. वासरू जन्मल्याच्या नोंदीला ‘पहिला चीक किती वाजता’ एवढा रकाना जोडता येईल. ज्याची नोंद मागितली जाते त्याकडे लक्ष जाते, हा सरकारी नोकरीतला माझा अनुभव. कधी कधी नोंदीपुरतेच जाते, हेही कबूल. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी गावागावांत आहेत. गोठ्यात वासराशी संबंध येतो तो बहुतांशी बाईचा, आणि पशुसखीचे बोलणे तिच्यापर्यंत माझ्यासारख्या साहेबापेक्षा लवकर पोचते.

चीक गोठवून ठेवणारी पेढीही उभारता येईल. व्यायताना गाय दगावली, कास सुजली, चीक पातळ निघाला, अशा वेळी दुसऱ्या गाईचा राखून ठेवलेला चीक वासराला तारतो. उणे वीस अंशांवर तो वर्षभर टिकतो. पण इथे घाई नको असे माझे मत आहे. ब्रुसेलोसिस आणि जोन्सच्या रोगाची तपासणी न करता गावभरच्या गाईंचा चीक एकत्र केला, तर संरक्षणाऐवजी रोग वाटला जाईल. तपासलेल्या गाईंचा, वेगवेगळ्या बाटल्यांत, नाव-तारखेनिशी, एवढी शिस्त जिथे पाळता येईल तिथेच ते करावे. आधी मोठ्या गोठ्यांत, मग संघांत.

एक नाजूक गोष्ट. लिंगवर्गीकृत रेतमात्रेवर सरकार अनुदान देते, कारण दहांतली नऊ वासरे कालवडी निघतात. उरलेल्या गोऱ्ह्यांना आणि साध्या रेतनातून जन्मणाऱ्या निम्म्या नरांना चीक पाजला जातो का, हे गोठ्यात जाऊन पाहा. २०१५पासून बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आहे आणि संकरित गोऱ्ह्याला शेतीत काम नाही. म्हशीच्या नराची कथा कायद्याने वेगळी, पण पहिल्या दिवशीची उपासमार तीच. पाजला नाही, आपोआप गेला, असे घडते. मी यात शेतकऱ्याला आरोपी करणार नाही. दुधाच्या दरात ज्याला स्वतःचे कुटुंब पोसायला ओढाताण होते, त्याला उपदेश करणे मला जमत नाही. गोठ्याच्या हिताची एक बाब मात्र सांगावीच लागते. चिकाविना हगवणीला लागलेला गोऱ्हा त्याच जमिनीवर, त्याच दाव्याला रोगजंतू सोडतो, आणि पुढच्या आठवड्यात जन्मणारी कालवड त्यातच उभी राहते.

२०१९च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि ५६ लाख म्हशी मोजल्या गेल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाच्या फेऱ्या होतात, लस मोफत दिली जाते. गाभण गाईला टोचलेल्या त्या लसीचा पोटातल्या वासराला होणारा फायदा फक्त चिकातून उतरतो. चीक वेळेत मिळाला नाही, तर त्या मात्रेचा निम्मा उपयोग गोठ्यातच सांडला. खात्याच्या पैशाच्या भाषेत सांगायचे तर चीक हा लसीकरणाचाच उरलेला भाग आहे. पुढच्या दुधाशीही त्याचा संबंध आहे. ब्राउन स्विस कालवडींवरच्या, २००५मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मताच दोनऐवजी चार लिटर चीक मिळालेल्या कालवडींनी पहिल्या दोन वेतांत जास्त दूध दिले.

वसुबारसेला आपण आणि आम्ही सारेच सवत्स धेनूची पूजा करतो. सवत्स म्हणजे वासरासह. यंदाच्या वसुबारसेच्या आधी आपल्या खात्याने एक पानी परिपत्रक काढावे. त्यात पहिल्या दोन तासांत चीक, वारेची वाट न पाहता; तोही वजनाच्या दहा टक्के; आणि संकलन केंद्रावर ब्रिक्समीटर, एवढेच असावे. ते केंद्राच्या दारावर दरपत्रकाशेजारी लावले जावे. दूध संघांना सूचना द्यायला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही, नवे पद भरावे लागत नाही, आणि खर्च एका केंद्रामागे दोन हजार रुपयांच्या आत बसतो. कृपया तो आदेश काढावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी